गॅसचा टँकर उलटला तेव्हा बंबवाले एवढे लांब का थांबले होते?

वळणावरचं_घर
नमस्कार मंडळी, आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई-गोवा हायवेला लागून, वळणाच्या खालच्या अंगाला. मागच्या पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमारास एलपीजीचा टँकर आमच्या वळणावर आडवा झाला. ड्रायव्हर काच फोडून बाहेर आला, देवाची कृपा. पण टाकीतून सूंऽऽ असा आवाज येत होता आणि रस्त्यावर धुकं पडल्यासारखं पांढरं दिसत होतं. बंब आला तो पार वर शाळेजवळ थांबला, टँकरपासून लांब, आणि आधी काय केलं तर सगळ्या वाडीला घराबाहेर काढलं. मी लाईट बंद करायला वळलो तर एकजण ओरडलाच, बटणाला हात लावू नका, आहे तसं सोडा आणि निघा. बाबांना स्कूटर चालू करू दिली नाही, ढकलत वर न्यायला लावली. त्यानंतर दीड-दोन तास कोणी टँकरजवळ गेलं नाही. वाडीतली पोरं चिडली, म्हणाली घाबरलेत हे. मला तसं म्हणायचं नाही पण खरंच समजून घ्यायचंय, तेवढा वेळ ते करत काय होते?

जुना_फायरमन
एमआयडीसीच्या फायर स्टेशनला २९ वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो. त्या माणसांनी तुमची वाडी वाचवली असं माझं मत आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड. टाकीत द्रव असतो, तो बाहेर पडला की साधारण अडीचशे पट गॅस होतो आणि पाण्यासारखा उतार धरून गटारात, घराच्या जोत्यापाशी जाऊन बसतो. तुमचं घर खालच्या अंगाला, म्हणजे गॅस तुमच्याकडेच येणार होता. बटणाची ठिणगी सुद्धा पुरते, बंद करताना पण पडते, म्हणून हात लावू दिला नाही. अशा वेळी महावितरणला सांगून लाईन लांबूनच बंद करून घेतात. बंब वर उभा केला कारण तिकडून वारा पाठीवर येत असणार आणि चढ पण होता. बंबाचं इंजिन पण ठिणगीच की, ते गॅसमध्ये नेऊन कसं चालेल?

आता दोन तासांचं. पहिलं काम दुर्बिणीतून टँकरवरचा बोर्ड वाचायचा. एलपीजीचा नंबर १०७५, पेट्रोल १२०३, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. शेजारी हॅझकेम कोड असतो, म्हणजे अपघातात काय करायचं त्याची खूण, एलपीजीला २वायई. २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारा, वाय म्हणजे बीए सेट (तोंडाला मास्क, पाठीवर हवेचा सिलेंडर) आणि फायर सूट घालूनच जा, पसरू देऊ नका, भडका उडू शकतो, आणि ई म्हणजे आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करा. त्या तीन अक्षरांत तुमची वाडी का हलवली त्याचं उत्तर आहे. मग गॅस मीटर घेऊन वाऱ्याच्या बाजूने दोघं-दोघं पुढे जायचं, मीटर जिथे बोलेल तिथे हद्द आखायची. टँकर पेटलेला असता तर १६०० मीटरपर्यंत माणूस ठेवत नाहीत, कारण टाकी तापून फुटली की तुकडे कुठवर जातील सांगता येत नाही.

आणि गळतीला आग लागलेली असेल आणि व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ती आग आम्ही विझवत नाही. लोकांना हे पटत नाही, पण विझवली की गॅस तसाच साचत राहतो आणि मग एकदम पेटतो. टाकीवर पाणी मारून ती थंड ठेवायची आणि जळू द्यायचं.

एमआयडीसीतली
काकांनी छान सांगितलं. मी केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीला आहे, एकच भर घालते, प्रत्येक मालाला वेगळी वागणूक लागते. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो म्हणून ढगावर फवारा मारला तर उपयोग होतो. पण क्लोरीनच्या गळतीच्या जागेवर थेट पाणी मारलं तर धातू खातं आणि भोक मोठं होतं. म्हणून नंबर वाचल्याशिवाय नळी उघडायची नाही, हे मी आमच्या पोरांना दर मॉकड्रिलला घसा फोडून सांगते.

जुना_फायरमन
ताई बरोबर बोललात. क्लोरीनवरून आठवलं, एका पाणीपुरवठा केंद्रात ९०० किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनची मोठी टाकी, लीक झाला होता. मी आणि माझा जोडीदार, दोघं केमिकल सूट आणि बीए सेट घालून आत. हिरवट पिवळा धूर गुडघ्यापर्यंत, बूट दिसेनात. काठीच्या टोकाला अमोनियात भिजवलेला बोळा बांधून टनरच्या कडेने फिरवला, आणि व्हॉल्व्हच्या खाली एका जागी भक्कन पांढरा धूर झाला, तीच गळती. भोक खालच्या बाजूला होतं म्हणजे द्रव बाहेर येत होता, क्लोरीनचा द्रव साडेचारशे पटीहून जास्त गॅस होतो, म्हणून पहिल्यांदा दोघांनी मिळून टनर फिरवला आणि भोक वर आणलं, मग नुसता गॅस येऊ लागला आणि मग गळती बंद करायच्या किटमधली टोपी बसवली. पाठीवरचा हवेचा सिलेंडर ६ लिटरचा, ३०० बारचा, कागदावर ४५ मिनिटं, पण टनर ढकलताना धाप लागते तेव्हा एवढा पुरत नाही. बाहेर एकजण बोर्डवर आमचं नाव, प्रेशर आणि आत गेल्याची वेळ लिहून उभा होता. हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजते, माझी वाजायच्या आधी त्याने वायरलेसवर बोलावलं आणि आम्ही निघालो, काम पाच मिनिटांचं राहिलं होतं तरी. दुसरी जोडी गेली आणि पुरं केलं.

बाहेर आल्यावर पण लगेच मास्क काढायचा नाही. आधी अंगावर पाणी, ब्रशने घासणं, मग सूट आतली बाजू बाहेर करत उतरवायचा आणि मास्क सगळ्यात शेवटी. ही धुवायची जागा माणूस आत पाठवायच्या आधी तयार लागते.

घाटातला_ड्रायव्हर
मी स्वतः टँकर चालवतो. सगळ्या ड्रायव्हर भावांना हात जोडून विनंती, मागचा बोर्ड चिखलाने भरतो तो पुसत जा, आणि ट्रेम कार्ड (माल कोणता आणि गळला तर काय करायचं ते लिहिलेला कागद) केबिनमध्ये हाताशी ठेवा, उलटलो तर बाहेर पडताना ते खिशात घालून पळा, फायरवाल्याच्या हातात द्या. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर कुणे पुलाजवळ टँकर पेटला, जळतं द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि ४ जीव गेले, खालून जाणारे पण त्यात होते. ते आठवलं की मला अजून घाटात अंगावर काटा येतो.

वळणावरचं_घर
काका, पण कोणी आत अडकलेलं असतं तर? तरी थांबला असतात?

जुना_फायरमन
नाही. अडकलेला जिवंत दिसत असेल तर जातोच, पण सेट घालून, जोडीने, दोन नळ्यांच्या फवाऱ्याच्या आडून, आणि बाहेर तयार जोडी ठेवून. सेट न घालता धावलेला माझा एक सहकारी मी दोन मिनिटांत खाली कोसळताना बघितलाय. मग आम्हाला एकाच्या जागी दोघांना बाहेर काढायला लागलं. तो वाचला, पण फुप्फुसं गेली ती गेलीच. दर १४ एप्रिलला आम्ही मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये गेलेल्या ६६ फायरमनना सलामी देतो. १९४४ साली फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात होती, ते आग विझवत असतानाच स्फोट झाला. प्रत्येक वर्षी त्या परेडला उभं राहिलं की पोटात कालवतं माझ्या.

वळणावरचं_घर
खूप आभार सगळ्यांचे. त्या रात्री पहाटे तेल कंपनीची गाडी आली, दुसऱ्या टँकरमध्ये गॅस भरून घेतला आणि दुपारी रस्ता सुटला. आईने शाळेच्या पडवीत त्या सगळ्यांना चहा दिला, एकाच्या मानेवर पट्ट्याचे लाल वळ उठले होते तेव्हा मला काही विचारायचं सुचलं नाही. आता हा धागा वाडीतल्या पोरांना वाचायला देतोय. शाळेच्या भिंतीवर बोर्ड लावायचाय, १०१ आणि ११२ सोडून काय लिहू?

जुना_फायरमन
फोन करताना टँकरवरचा नंबर सांगा, पण तो वाचायला जवळ जाऊ नका, लांबून दिसला तरच. वारा कुठून कुठे आहे ते सांगा, शाळेच्या झेंड्यावरून कळेल. आणि ढगाच्या पुढे पुढे पळू नका, वाऱ्याला आडवं चालत निघून चढाला लागा, हे सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा. रात्री पण दिसेल असा रंग वापरा.