बेसिनजवळचा एकच नॅपकिन : तुमचे अनुभव लिहा

परवा लोकमान्यनगरला महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेले होते. चाळीसेक पानं आणि बेसिनपाशी खुंटीला एकच नॅपकिन. तिसऱ्या पंगतीपर्यंत तो इतका ओला झाला की हात पुसले की उलट चिकटच होत होते. मी पदराला पुसले, घरच्या काकूंना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुमच्याकडे काय करता, घरी, ऑफिसात?

—
आमचा अनुभव वाईट आहे. २०२३च्या पावसाळ्यात इंदूरभर डोळे आले होते बघा, आधी धाकट्याला शाळेतून आले, मग मला, आणि मग सासूबाईंना, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीडच महिना झाला होता त्यामुळे आम्ही सगळे घाबरून गेलो. उशी वेगळी, ड्रॉप्स वेगळे, गॉगल आणला, सगळं केलं आणि तोंड पुसायला मात्र बेसिनचा तोच नॅपकिन! डॉक्टरांनी विचारलं घरात टॉवेल किती, तेव्हा लक्षात आलं. नुसतं बघून डोळे येत नाहीत हो, हाताने आणि कपड्याने येतात. त्यांचे डोळे वाचले, पण मला अजून ते लागतं. आता प्रत्येकाचा रंग ठरलाय, पाहुण्यांचा पांढरा.

—
माझ्या नवऱ्याला नायटा झाला होता, टॉवेल एकच वापरत होतो, मलाही झाला. दोघांचे बरे व्हायला दोन महिने गेले.

—
मॉलमध्ये ड्रायरखाली दोन सेकंद हात धरतात आणि जीन्सला पुसून निघतात. कोरड्यापेक्षा ओल्या हाताला जंतू जास्त लागतात आणि पुढे जास्त पसरतात, म्हणून मी पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबतो, मागे लाइन असली तरी. सराफ्यात खायला जाताना खिशात दोन रुमाल, एक हाताचा, एक तोंडाचा.

—
आजोबांचा पंचा वेगळा असायचा, कोणी हात लावायचं नाही. आजी दर रविवारी सगळे पंचे सोड्यात उकळून गच्चीवर कडक उन्हात टाकायची. पावसाळ्यात आतच वाळतात, कुबट वास येतो, तेव्हा मी इस्त्री फिरवते.

—
आमच्याकडे पंगत असली की जुन्या सुती साड्यांचे हातभर तुकडे, टोपलीत घडी करून ठेवतो, खाली वापरलेल्यांसाठी बादली. टिशूचा कचरा नाही, धुऊन परत तेच.

—
हे फार आवडलं. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध आहे, दोन साड्या काढून ठेवल्यात. कडा दुमडून शिवायच्या का, की धागे निघत नाहीत?