लार्पची प्रो लीग निघू शकते का? खेळाडूंना पैसे मिळतील अशी?

हानोवरचा_पाहुणा

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण गेले दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. मी सध्या हानोवरला असतो, ऑफिसातल्या एका जर्मन पोराच्या नादाने ऑगस्टमध्ये ब्रोकेलोला जाऊन आलो. ब्रोकेलो हे एक इवलंसं गाव, तिथे दरवर्षी कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया नावाचं लार्प भरतं, हजारो माणसं तंबू ठोकून राहतात. लार्प म्हणजे लाइव्ह ऍक्शन रोल प्ले, एक पात्र घ्यायचं, त्याचे कपडे, त्याचं नाव, त्याची जुनी भांडणं सगळं अंगावर घ्यायचं आणि झोपेपर्यंत त्यातून बाहेर यायचं नाही. तलवारी असतात पण आत फायबरग्लासची कांडी, तिच्यावर फोम, वरून लेटेक्स, त्यामुळे बसली तरी फार तर "आई गं" इतपतच.

मी एनएससी म्हणून गेलो होतो, म्हणजे स्वतःचं पात्र नाही, आयोजक सांगतील ते व्हायचं, बदल्यात तिकीट स्वस्त. मला भुतांच्या फौजेत टाकलं. तोंडाला राखाडी रंग फासून चार दिवसात किती वेळा मेलो त्याचा हिशोबच नाही. पण शेवटच्या दिवशी ती ढालींची भिंत समोरून चालत आली ना, दोनेकशे माणसं एका सुरात ओरडत, तेव्हा खरंच पोटात गोळा आला. आणि वाटलं की हे टीव्हीवर का नाही? कबड्डीला २०१४ च्या आधी कोण विचारत होतं, प्रो कबड्डी आली आणि आज पोरांवर करोडोंची बोली लागते. इथे तर टीम आहेत, झेंडे आहेत, ड्रेस आधीच शिवलेले आहेत, स्टोरी फुकटात. मग अडतंय कुठे? कोणी खेळलंय का, प्लीज सांगा.

सदाशिव_पेठी_भूत

म्हणजे आमचं लहानपणीचं चोर-पोलीस. "ढिशक्याँव, मेलास तू!" "हॅट, मला लागलीच नाही!" याची लीग काढणार? आधी अंपायरचा विमा उतरवा. (हलके घ्या.)

टेक्सासचा_तात्या

भुताने चेष्टेत लिहिलंय पण घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

मी इकडे सहा-सात वर्षं पार्कात फोमच्या तलवारी घेऊन खेळलो. अमेरिकेत हे जुनं आहे, फोमच्या तलवारींनी लढणाऱ्यांच्या संघटनाच आहेत, डॅगोरहिर १९७७ चं, ऍमटगार्ड १९८३ ला आमच्या टेक्सासमध्येच एल पासोला सुरू झालं. नियम ढोबळमानाने असे की हाताला लागलं तर तो हात पाठीमागे, पायाला लागलं तर गुडघ्यावर बसून लढायचं, छातीपोटाला लागलं की मेलास. आता लागलं हे कोण ठरवणार? ज्याला लागलं तो. पंच असतात बरं का, ऍमटगार्डात त्यांना रीव्ह म्हणतात, पण एका मैदानात साठ माणसं एकमेकांना बडवतायत तिथे पंच कुठे कुठे बघणार, तेव्हा सगळा डोलारा ज्याला लागलं त्याच्या इमानावर उभा.

एससीए म्हणून मध्ययुगीन लढाया-पेहराव पुन्हा जगणाऱ्यांची एक संस्था आहे, १९६६ ची, बर्कलीत सुरू झाली, ते लोक स्वतःला लार्प म्हणवून घेत नाहीत पण सोडा ते. त्यांच्यात चिलखत घालून वेताच्या काठ्यांनी चांगलंच हाणतात, आणि तिथेही घाव "चांगला" होता की नाही हे खाणाराच सांगतो. पेनसिल्व्हेनियात त्यांचं पेन्सिक वॉर भरतं, १९७२ पासून, हजारोंनी माणूस जमतो. एवढ्या गर्दीतही हेच. जो घाव खाऊनही कबूल करत नाही त्याला ते गेंडा म्हणतात. शप्पथ! गेंड्याच्या कातडीचा, जसं आपण म्हणतो तस्सं, आणि एकदा गेंडा हा शिक्का बसला की पुढे कोणी धड लढायला येत नाही. स्पर्धा जिंकून तिथे काय मिळतं तर राजा होता येतं, काही महिन्यांपुरतं. पैसा नाही. उलट राजा झालं की खिशातूनच जातो, प्रवास, कपडे, सगळं.

आता माझी गोष्ट. मी होतो तो ग्रुप वेगळा, नाव घेत नाही. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की स्पर्धेला शंभर डॉलरचं गिफ्ट कार्ड ठेवूया. शंभर फक्त! जी पोरं एरवी छातीला स्पर्श झाला तरी "मेलो रे" करून नाटकी गिरक्या घेऊन पडायची तीच पोरं त्या दिवशी "लाइट होता", "ढालीला लागला", "कपड्याला लागला" करायला लागली. संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन जुने दोस्त एकमेकांच्या अंगावर धावून गेले, त्यातला एक परत कधी आला नाही. शंभर डॉलरला हे, तर करोडोंची बोली लागल्यावर काय होईल विचार कर.

हानोवरचा_पाहुणा

तात्या भारी. पण मग सेन्सर लावा ना? फेन्सिंगमध्ये टच झाला की दिवा लागतो तसं.

पट्टीचा_तलवारबाज

फेन्सिंगवाला हजर आहे. दिवा लागतो खरा, पण तो दिवा यायला किती काळ गेला बघ. फेन्सिंगच्या तलवारी तीन प्रकारच्या, ऑलिंपिकमध्ये त्यातल्या एपेला ही दिव्याची वायर १९३६ ला, फॉइलला १९५६ ला आणि सेबरला थेट १९९२ ला. तोवर चार-चार जज कोपऱ्यात उभे राहून डोळे फाडून बघायचे. आणि मशीन आलं म्हणून लबाडी थांबली असं समजू नकोस. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनला (पाच खेळांची स्पर्धा, त्यात फेन्सिंगही) सोव्हिएतचा ओनिश्चेंको, नावाजलेला खेळाडू, त्याने एपेच्या मुठीतच बटण बसवून घेतलं होतं, दाबलं की न लागताच दिवा! समोरच्या ब्रिटिश खेळाडूला संशय आला आणि पकडला गेला.

बरं सेन्सर लावलेस समजा. मग तुझा चेटक्या आणि तुझं भूत यांचं काय करणार? सेन्सरला फक्त टच कळतो. फ्रान्समध्ये एक मजेदार प्रयोग आहे, तिथल्या फेन्सिंग फेडरेशनने २०१९ मध्ये लाइटसेबरच्या (स्टार वॉर्समधली उजेडाची तलवार) द्वंद्वाला अधिकृत मान्यता दिली. त्यांनी काय केलं, नियमच असा केला की वार करायच्या आधी सेबरचं टोक पाठीमागे गेलं पाहिजे, नाहीतर पॉइंट नाही. का, तर नुसतं टोचाटोची बघायला बोअर होतं, मोठे गोल वार दिसले पाहिजेत. म्हणजे प्रेक्षक डोक्यात ठेवून नियम लिहिला. मला हे फार आवडलं. पण तिथेही पॉइंट वाराचे, तू आत कुठलं पात्र आहेस याच्याशी स्कोअरबोर्डला काही देणंघेणं नाही.

विंगेतली_बाई

मी लार्प कधी बघितलेलं नाही पण "अभिनयाची स्पर्धा" म्हटल्यावर राहवलं नाही. आमची अख्खी कॉलेजची वर्षं त्यातच गेली. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" करून घसे बसवून घेतलेली माणसं इथे डझनाने असतील. तेव्हा पात्र वठवण्याला मार्क देता येत नाहीत असं कोणी म्हणू नका, आपण साठ वर्षं देतोय. पण ते मार्क म्हणजे शेवटी समोर बसलेल्या तीन माणसांचं मत. २०२२ ला परीक्षकांनी सांगितलं की करंडक द्यावा असं एकही नाटक नाही आणि दिलाच नाही कोणाला, केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? आता हेच लीगच्या फायनलला करून बघा, खुर्च्या राहतील का जागेवर?

अजून एक. स्पर्धा आली की त्या गोष्टीची तब्येतच बदलते. स्पर्धेची एकांकिका हा प्रकारच वेगळा झाला, शेवटी धक्का, मध्ये समूहाची कवायत, लाइट्सचा मारा, कारण परीक्षकाला ते लागतं असं सगळ्यांना वाटतं. आणि पैशाचं म्हणाल तर बक्षिसात सेटच्या टेंपोचं भाडं निघालं तरी आम्ही उड्या मारायचो.

पाहुणा, एक विचारू? तिथे लागलं तर किती लागलं, कसं पडायचं हे कोण ठरवतं?

हानोवरचा_पाहुणा

अहो ताई तेच तर, इथे जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पॉइंट वगैरे मोजतच नाहीत. त्याला ओप्फररेगेल म्हणतात, ओप्फर म्हणजे बळी, म्हणजे वाराचा परिणाम काय झाला हे बळी जाणारा ठरवतो. आणि दुसरं एक मोठं वाक्य आहे त्याचा अर्थ असा की तुला जे वठवता येतं तेवढंच तुला करता येतं. भारी दिसणारा पहिलवान असशील तर तुझा वार भारी, समोरचा तसा पडतो. माझ्यासमोर साठीचे एक आजोबा होते, मी फोमचा कोयता त्यांच्या खांद्याला नुसता टेकवला, ते असे कोसळले, असे विव्हळले, दोन पोरींनी त्यांना ओढत तंबूत नेलं, मी घाबरून "सॉरी सॉरी" म्हणायला लागलो तर पडल्या पडल्या डोळा मारला मला.

विंगेतली_बाई

मग सापडलं की उत्तर! ज्या खेळात उत्तम खेळाडू म्हणजे उत्तम हरणारा, त्यात जिंकणाऱ्याला बक्षीस देणार कसं? मार्क द्यायचे तर त्या आजोबांना द्यावे लागतील. आणि त्यांना दिले की पुढच्या वर्षी दोन्हीकडचे सगळे आपणहून मरून पडलेले, लढायला कोणीच नाही. 😂

बर्लिनची_बटाटावडी

ताई 😂😂 पण अगदी जिंकणंबिंकणं नसतंच असंही नाही. ड्राखेनफेस्ट म्हणून डीमेलश्टाटला भरतं, २००१ पासून, तिथे प्रत्येक छावणी एका ड्रॅगनची, एकमेकींच्या विरुद्ध, आणि शेवटी एक मोठी लढाई होऊन कुठला ड्रॅगन जिंकला ते ठरतं. लोक जाम सिरियसली घेतात. फक्त जिंकून मिळतं ते शून्य युरो.

मी स्वतः जगर खेळते. हा खेळ म्हणजे पाहुण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं. १९८९ च्या एका ऑस्ट्रेलियन सिनेमात कुत्र्याच्या कवटीसाठी मारामारी करायचा एक काल्पनिक खेळ होता, जर्मनीतल्या लोकांनी नव्वदच्या दशकात लार्पवाल्या फोमच्या शस्त्रांनी तो खरा केला. पाच-पाच जण, एक रनर त्याच्या हातात काही नाही, बाकीच्यांकडे पॉम्पफे म्हणजे फोमच्या काठ्या, एकाकडे साखळी, तिच्या टोकाला फोमचा गोळा. मधली ती "कवटी" (फोमचीच) उचलून समोरच्यांच्या खळग्यात खुपसली की पॉइंट. वेळ घड्याळावर नाही, ढोलावर! दीड सेकंदाला एक ठोका. लागलं की पाच ठोके गुडघ्यावर, साखळी लागली की आठ. पुण्याच्या ढोल पथकातून गेलेल्या मुलीला हे ऐकूनच घरी आल्यासारखं वाटलं होतं.

जगर एकदम रीतसर खेळ आहे, रेफरी, चॅम्पियनशिप, सगळं. पण आमच्यात कोणी योद्धाबिद्धा नाही, ट्रॅकपँट घालून येतो, मॅच झाली की बिअर. वेष गेला, पात्र गेलं, तेव्हा कुठे खेळ झाला. आणि तरी पगार नाहीच, मी वर्गणी भरते.

दुसऱ्या टोकाला बुहुर्त. खरं पोलादी चिलखत, बोथट पण खरी शस्त्रं. २०१० ला युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात बॅटल ऑफ द नेशन्स पहिल्यांदा झालं. त्यांनी तात्यांचा इमानाचा प्रश्न एका फटक्यात सोडवलाय, वार मोजायचेच नाहीत, दोन पावलं सोडून अंगाचा तिसरा भाग जमिनीला टेकला की बाद. कुस्तीसारखं, लांबून प्रेक्षकालाही कळतं. रशियात तर एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढती भरवणाऱ्या एम-वनने पिंजऱ्यात अशा लढती ठेवल्या होत्या. पैसा आला तर तिथे येईल. आणि तिथेही नाटक नाहीच, नुसती हाणामारी.

सदाशिव_पेठी_भूत

नाटक आणि हाणामारी दोन्ही पगारी पाहिजे तर टीव्हीवरच्या कुस्तीवाली डब्ल्यूडब्ल्यूई आहे की, आधीची डब्ल्यूडब्ल्यूएफ. १९८९ ला न्यू जर्सीत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, कारण स्पर्धा म्हटलं की सरकारी कमिशन, त्यांचे नियम, त्यांची फी. म्हणजे पैसा पाहिजे तर आधी "कोण जिंकणार ते आम्ही ठरवलंय" हे कबूल करा. त्यांचा कुस्तीगीर अंडरटेकर हा माझ्या मते जगातला सगळ्यात यशस्वी लार्पवाला.

रंकाळ्याचा_राजा

भावांनो तुम्ही सगळे टीव्हीच्या पैशावर अडकलाय. आपल्याकडं खेळात पैसा म्हणजे काय, तर सर्टिफिकेट. आम्ही मर्दानी खेळवाले, शिवजयंतीला पट्टा फिरवतो, फेटा धोतर सगळं अंगावर, लोक शिट्ट्या मारतात, पुढं काय? घरचे विचारतात याचा खेळाडू कोट्यात उपयोग हाय का. दहीहंडीचं बघा, २०२२ ला सरकारनं साहसी खेळ जाहीर केलं, गोविंदांना नोकरीच्या पाच टक्के खेळाडू कोट्यात घेणार म्हणून घोषणा, २०२३ ला वरळीत प्रो गोविंदा लीग पण झाली. आणि गतका, पंजाबातला काठी-ढालीचा खेळ, २०२३ ला गोव्याच्या नॅशनल गेम्समध्ये खेळवला. का शक्य झालं? काठी, फरी, टच, पॉइंट, मोजता येतंय म्हणून. पट्ट्याचं प्रात्यक्षिक कोण मोजणार, लिंबू कापलं की नाही एवढंच कळतंय बघणाऱ्याला.

आणि हंडीला बक्षिसं वाढली तसे थर वाढले आणि हाडं पण मोडायला लागली, ते पण ध्यानात ठेवा. फोम असला म्हणून काय झालं.

टेक्सासचा_तात्या

राजा, एक नंबर मुद्दा. एक राहिलं, लार्पमध्ये पैसा उलटा वाहतो. बघणारा कोणीच नाही, जो खेळतो तोच तिकीट काढतो. त्यात पोट भरतं ते तलवारी बनवणाऱ्याचं, शिंप्याचं, आणि नशीब असेल तर आयोजकाचं. मैदान बाहेरून बघितलं तर निम्मे लोक डोक्यावर हात ठेवून "मी सध्या खेळात नाही" करत चहाकडे चाललेले दिसतात, कॅमेरा लावणार कुठे?

हानोवरचा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लीगचं भूत उतरलंय, थोडंसंच. बटाटावडी, हानोवरला जगरची टीम असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, ढोल वाजवायला तरी घ्या मला.

सदाशिव_पेठी_भूत

अवांतर: ती लेटेक्सची तलवार दिवाळीला येताना आणता येईल का? भाच्याच्या किल्ल्यावर मावळे आहेत, एक जर्मन उभा करू.

हानोवरचा_पाहुणा

केबिनमध्ये नको, चेक-इनला टाकून बघतो. पण भाच्याला आधीच सांगून ठेव, टोकावर टेकवून उभी करायची नाही, आतली कांडी फोम फाडून बाहेर येते. आणि उन्हात ठेवायची नाही, लेटेक्स चिकट होतं.