एर्लँग : शेलमध्ये चालतं, रिलीजमध्ये ‘अनडेफ’ येतं. दुसऱ्या मॉड्यूलचं फंक्शन सापडत का नाही?

तापीकाठ (भुसावळ)
केळीच्या तोलाची पावती काढायचा प्रोग्रॅम आहे. एर्लँग भाषेतला, रीबार३ (बिल्ड टूल) चा प्रोजेक्ट, ‘अ‍ॅप्स’ फोल्डरमध्ये दोन वेगळी अ‍ॅप्लिकेशन: ‘पावती’ आणि ‘भाव’. भाव मॉड्यूलमधून दर/२ (दोन आर्ग्युमेंटचं दर) एक्स्पोर्ट केलंय. पहिला आर्ग्युमेंट माल (नवती, पिलबाग, वापसी हे अ‍ॅटम), दुसरा तारीख. पावतीतून भाव:दर(नवती, तारीख) असा कॉल जातो. कंपाइल करताना एकही वॉर्निंग नाही, रीबार३ शेलमध्ये बरोबर दर येतो. रिलीज (मशीनवर टाकायचा तयार संच) बनवून आडतीच्या मशीनवर टाकलं की पहिल्याच पावतीला ‘अनडेफ’, म्हणजे फंक्शन सापडलं नाही.

दुसरी अडचण: भावमध्ये ‘फेरा’ नावाचं लूप आहे, एक प्रोसेस त्यात कायम बसलेली असते. वजावटीचं सूत्र बदलून, सिस्टिम चालू ठेवून, शेलमधून एल(भाव), म्हणजे मॉड्यूल पुन्हा लोड, केलं तरी जुनीच वजावट लागते. आणि परत एकदा एल(भाव) केलं तर प्रोसेसच मरते!

(कोड इथे देवनागरीत लिहिलाय, फाइलमध्ये रोमन आहे.)

वाघूर (जळगाव)
वॉर्निंग नाही याचा अर्थ फंक्शन आहे असा होत नाही, भो. कोलन लावून केलेला कॉल कंपाइलर तपासतच नाही. समोरचं मॉड्यूल अस्तित्वात आहे की नाही, हे तो कॉल प्रत्यक्ष चालताना ठरतं. ते आधी कळायला हवं असेल तर ‘रीबार३ एक्सरेफ’ चालवत जा, न सापडणारे कॉल तो फाइल-ओळीसकट दाखवतो. फक्त अ‍ॅप्लाय वापरून मॉड्यूलचं नाव व्हेरिएबलमधून दिलं असेल तर त्यालाही दिसत नाही.

आता ‘अनडेफ’च्या स्टॅक ट्रेसमधली पहिली नोंद बघ. त्यात मॉड्यूल, फंक्शन आणि आर्ग्युमेंटची यादी असते. यादीतले घटक मोज. दर/२ आणि दर/३ ही एर्लँगच्या लेखी दोन निराळी फंक्शन आहेत, नाव सारखं असून उपयोग नाही. घटक दोनच असतील तर रिलीजच्या कन्सोलवर हे दोन चालव:

कोड:विच(भाव).
भाव:मॉड्यूल_इन्फो(एक्स्पोर्ट्स).

पहिल्याचं उत्तर ‘नॉन_एक्झिस्टिंग’ आलं तर मॉड्यूलच तिथे पोचलेलं नाही. दुसरीकडे पाथ आला आणि एक्स्पोर्टच्या यादीत दर/२ नसेल, तर जुनी बीम (कंपाइल झालेली) फाइल पडलेली आहे.

आणि ‘फंक्शन_क्लॉज’ आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा फंक्शन सापडलेलं असतं, पण दिलेल्या मालाला एकही क्लॉज जुळत नाही. अ‍ॅटमऐवजी स्ट्रिंग गेली की नेमकं हेच होतं.

तापीकाठ
यादीत दोनच घटक आहेत. कोड:विच ने ‘नॉन_एक्झिस्टिंग’ दिलं.

पांझरा (धुळे)
मग उत्तर पावतीच्या ‘अ‍ॅप डॉट एसआरसी’ फाइलमध्ये आहे. तिथल्या ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ यादीत कर्नल आणि एसटीडीलिब एवढंच असणार. रीबार३ शेल प्रोजेक्टमधली सगळी अ‍ॅप्लिकेशन पाथवर टाकतं, म्हणून तिथे चूक झाकली जाते. रिलीज बनवताना मात्र रिलीजच्या यादीतली अ‍ॅप्लिकेशन आणि ती ज्यांच्यावर अवलंबून आहेत असं लिहिलंय तीच घेतली जातात. बाकी सगळं मागे राहतं.

त्या यादीत भाव घाल, रिलीज पुन्हा बनव, आणि मशीनवर टाकण्याआधी रिलीजच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये भाव-आवृत्ती अशा नावाचं फोल्डर आलंय का ते बघ. यादीत घातल्याचा आणखी एक फायदा: पावतीच्या आधी भाव सुरू होतं. क्रिप्टो, एसएसएल, आयनेट्स वापरत असशील तर तीही त्याच यादीत हवीत, तिथे हाच घोळ हमखास होतो.

‘इम्पोर्ट’ लिहून हे सुटेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. इम्पोर्टने काहीच लोड होत नाही, फक्त कोलन आणि त्याआधीचं मॉड्यूलचं नाव लिहायचं वाचतं, आणि वाचणाऱ्याला दर कुठून आला ते कळत नाही. त्यापेक्षा मॉड्यूलचं नाव बदल. एर्लँगमध्ये मॉड्यूलची नावं सगळी एकाच पातळीवर असतात, दोन लायब्ररींत ‘भाव’ निघालं तर पाथवर जे आधी ते लोड होतं, तक्रार न करता. केळी_भाव ठेव. मधे हायफन नको, अवतरणात न टाकलेला हायफन म्हणजे वजाबाकी.

गिरणाथडी (चाळीसगाव)
दुसऱ्या प्रश्नाचं. एका मॉड्यूलच्या दोनच आवृत्त्या मेमरीत राहतात: चालू आणि जुनी. फेरा(स्थिती) असा नुसता कॉल त्याच आवृत्तीत फिरत राहतो. नव्या आवृत्तीत उडी फक्त कोलनच्या कॉलने पडते. म्हणून लूपच्या शेवटी ?मॉड्यूल:फेरा(स्थिती) लिही (?मॉड्यूल म्हणजे याच मॉड्यूलचं नाव) आणि फेरा/१ एक्स्पोर्ट कर, नाहीतर तिथेही ‘अनडेफ’.

एल(भाव) आधी जुनी आवृत्ती पुसतं, मग नवी आणतं. पुसताना जुन्या कोडमध्ये अडकलेली प्रोसेस मारली जाते, तुझी दुसऱ्या वेळी गेली ती अशी. कोलन लावल्यावरही एक खाच उरते: रिसीव्हवर थांबलेली प्रोसेस पुढचा संदेश येईपर्यंत जुन्यातच असते, आणि तो संदेशही जुन्याच सूत्राने हिशेबात जातो. तोल बंद असताना, एकही संदेश न येता दोनदा लोड केलंस तर ती जाणारच. म्हणून दोन लोडच्या मधे एखादा रिकामा संदेश पाठव, किंवा आधी कोड:सॉफ्ट_पर्ज(भाव) करून बघ. कोणी अडकलेलं असेल तर ते ‘फॉल्स’ देतं, मारत नाही.

हातचं लूप कशाला, एर्लँगसोबत येणारं तयार जेन_सर्व्हर घे. त्याचं लूप त्याच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये असतं आणि तुझे कॉलबॅक कोलननेच बोलावले जातात, म्हणजे पुढचा संदेश नव्या कोडवर. फक्त स्थितीत ‘फन वजावट/१’ साठवू नकोस, ते जुन्या आवृत्तीला धरून बसतं. ‘फन भाव:वजावट/१’ साठव.