हट्टी, चिडकी, दार आपटणारी मुलं : तुम्ही नक्की काय केलंत?

उपदेश नको, अनुभव हवेत, एवढीच अट. 'प्रेमाने समजावून सांगा' हे सगळ्यांना पाठ आहे, पण मूल जमिनीवर लोळून किंचाळतंय, बाकीचे लोक टकामका बघतायत, तेव्हा प्रेमाने म्हणजे नेमकं काय करायचं, कुठल्या शब्दांत आणि किती वेळ, ते कोणी सांगत नाही. तर ते लिहा. मुलाचं वय लिहा, नाव-गाव नको (उद्या तीच मुलं वाचतील!). जे करून काही उपयोग झाला नाही तेही लिहा.

आई, मुलगी साडेतीन वर्षांची

आमचा विषय मोबाईल. काढून घेतला की आडवं पडणं, डोकं आपटणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे श्वास रोखून धरणं, ओठ निळे पडेपर्यंत. पहिल्यांदा झालं तेव्हा माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयात हे होतं, श्वास आपोआप परत सुरू होतो, पण रक्त तपासून घेऊ कारण लोह कमी असेल तर हे प्रकार वाढतात. तिचं कमी निघालंच. म्हणून कोणी नुसतं 'नाटकं करते' म्हणून सोडून देऊ नका, एकदा दाखवून घ्या.

मग राहिला हट्ट. समुपदेशक बाईंनी दुर्लक्ष करायला सांगितलं, पण त्याबरोबर एक गोष्ट आधीच सांगून ठेवली म्हणून आम्ही टिकलो. त्या म्हणाल्या, दुर्लक्ष सुरू केलं की आधी ते वाढणार, तिला वाटणार की नेहमीचा आवाज कमी पडतोय, अजून जोरात ओरडायला हवं. आणि बरोबर त्याच वेळी घरातलं कोणीतरी विरघळतं! आमच्याकडे आजोबा. 'जाऊ दे गं, एकदा दे' म्हणून मोबाईल हातात. बाई म्हणाल्या, कधी मिळतो कधी नाही असं झालं ना की सवय जास्त चिवट होते, स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने हे कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवून ठेवलंय. हे ऐकल्यावर आजोबांना पटलं. सून सांगते ते नाही, कबुतरांचं पटलं.

आणि दुर्लक्ष म्हणजे खोलीत एकटं टाकून जाणं नव्हे हं. मी तिथेच असते, डोक्याखाली उशी सरकवते, पण तिच्याकडे बघत नाही, बोलत नाही. जरा शांत झाली की लगेच बोलते, अगदी दोन सेकंद शांत झाली तरी. शिवाय 'पाच मिनिटांनी बंद' हे बोलणं सोडलं, तिला पाच मिनिटं म्हणजे काय ते कळतच नाही. 'हे गाणं संपलं की बंद' हे कळतं.

बाबा, मुलगा ८, ऑटिझम आहे

वरचं वाचून एक सांगावंसं वाटलं, सगळ्या किंचाळण्यावर दुर्लक्ष चालत नाही. आमचा मुलगा ओरडतो तेव्हा त्याला काहीही नको असतं. बक्षीस दाखवा, धमकी द्या, काही फरक पडत नाही, समोर कोणी बघतंय की नाही याचंही भान नसतं, ते सगळं अंगावर कोसळल्यासारखं असतं त्याच्यासाठी. हट्टात मूल मधेच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं की आई बघतेय का, यात ते नसतं. दिसायला दोन्ही सारखंच, म्हणून लोक आम्हाला सल्ले देत सुटतात.

आम्हाला कामी आली ती एक साधी वही. तीन रकाने. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आम्ही काय केलं. शेवटच्या रकान्यात खरं लिहायचं, 'समजावलं' असं गुळमुळीत नाही, ओरडलो असलो तर ओरडलो असंच. काही आठवडे लिहिल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त वेळा 'आधी काय' मध्ये एकतर मिक्सर, व्हॅक्युम क्लीनर असा आवाज आहे नाहीतर ठरलेला कार्यक्रम अचानक बदललाय. आता आवाज होणार असेल तर आधी कानावर हेडफोन, आणि दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर, बदल झाला की चित्र त्याच्या हातानेच बदलायचं. आणि सुरू झालंच तर बोलणं बंद, दिवा मंद, लोकांना बाहेर. त्या वेळी समजावणं म्हणजे अजून एक आवाज वाढवणं.

शिक्षिका, सहावी-सातवीचे वर्ग

माझ्याकडे दर वर्षी एकतरी उलट बोलणारा नगच असतो. एकच नियम पाळते, बारा-तेरा वर्षांच्या मुलाशी चारचौघांत कधीच भांडायचं नाही. मित्रांसमोर तो हरूच शकत नाही, त्यामुळे तो हरणारही नाही, तुम्ही कितीही आवाज चढवा. जवळ जाऊन हळू आवाजात एक वाक्य सांगायचं आणि पाठ फिरवून दुसऱ्या मुलाकडे जायचं. उभं राहून 'करतोस की नाही' म्हणून वाट बघितली तर करत नाही, निघून गेलं की पुटपुटत का होईना पण करतो. पुटपुटणं मला ऐकू येत नाही, बरं का.

दुसरं, सूचना. 'नीट वाग' ही सूचनाच नाही. 'वही उघड, तारीख लिही' ही सूचना. आणि एका वेळी एकच, 'जरा करशील का?' असं विचारायचं नाही, कारण विचारलं तर 'नाही' हेही उत्तर असू शकतं ना.

अजून एक, 'अजिबात ऐकत नाही' म्हणून नाव पडलेली एक मुलगी होती, मागून हाक मारली की ढिम्म. पालकांना कान तपासायला सांगितलं तर पडद्यामागे पाणी साठलेलं, सारखी सर्दी असायची तिला. रात्री घोरणारी, तोंडाने श्वास घेणारी मुलं पण बघा, टॉन्सिल किंवा अडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेले असतील तर झोप नीट होत नाही, आणि झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल मात्र उलट उड्या मारतं.

बाबा, मुलगा १५

आमच्या घरातलं भांडण कायम सकाळी सात वाजता. उठ, उठत नाही, पांघरूण ओढ, शिवी, दार. हे इतकं ठरलेलं की शेजारच्यांना गजर लावायची गरज नसावी. मला वाटायचं आळशीपणा. मग कळलं की वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) उशिरा तयार होतं, त्याला अकराच्या आधी झोप येतच नाही आणि या वयाला झोप लागते ८ ते १० तास. आता शाळा काही उशिरा सुरू होणार नाही. पण संध्याकाळची झोप बंद केली, रात्री सगळ्यांचेच फोन बाहेर चार्जिंगला (माझा पण, ही अट त्याने घातली), सकाळी खिडकी उघडून उजेड, आणि सकाळी उठवण्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. मार्क, केस, खोली, काही नाही. जे बोलायचं ते संध्याकाळी, शक्यतो गाडीत किंवा चालताना, समोरासमोर बसवून नाही.

भांडणाचं एक चक्र असतं ते मात्र वाचण्यासारखं आहे. अमेरिकेत ओरेगनला जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या घरात जाऊन निरीक्षणं केली होती. आपण काम सांगतो, पोरगं कुरकुरतं, आपण आवाज चढवतो, ते त्याहून चढवतं, शेवटी वैतागून आपण सोडून देतो. म्हणजे तो शिकला की ओरडलं की काम टळतं. कधी उलट होतं, आपण इतकं ओरडतो की तो गप्प होतो, मग आपण शिकतो की ओरडलं की ऐकतो. दोघंही एकमेकांना ट्रेनिंग देत बसतो! हे वाचून मी दोन दिवस गप्पच होतो.

आई, मुलगी १६

वरच्या बाबांना जोडून. आमच्याकडेही चिडचिड आणि दार बंद होतं, सगळे म्हणाले वयच आहे. पण तिने नाच सोडला, मैत्रिणींचे फोन घेणं सोडलं, जेवण अर्धं, आणि हे आठवडेच्या आठवडे. ते चिडणं नव्हतं, डिप्रेशन होतं. किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं, हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर समजलं. त्यांनी मला सांगितलं की तिला सरळ विचारा, मरून जावं असं वाटतं का, विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. विचारताना माझा आवाज फुटत नव्हता. ती हो म्हणाली. त्या दिवसापासून घरातल्या गोळ्या कुलपात आणि दुसऱ्या दिवशी परत डॉक्टर. आता बरी आहे, दार अजूनही आपटते, पण परत नाचायला जाते. ज्यांच्या मुलांनी आवडीच्या गोष्टी सोडल्यात त्यांनी शिस्तीचे उपाय नंतर करा, आधी दाखवा.

आई, एकटी वाढवतेय, मुलगा ११

आमचा मारतो. मला आणि धाकट्या बहिणीला. हे लिहायला लोक लाजतात म्हणून मुद्दाम लिहितेय. वर्षभर चालू होतं, शेवटी निदान झालं, सतत विरोध करण्याचा विकार. त्याचे निकष असतात, कमीत कमी ६ महिने टिकलेलं असावं लागतं, आणि पाच वर्षांवरच्या मुलात आठवड्यातून किमान एकदा तरी, तेही फक्त भावंडांशी भांडण असेल तर धरत नाहीत. म्हणजे कधीमधी हट्ट करणाऱ्या पोराला हे लेबल लावू नका.

मी गेले होते औषध मिळेल म्हणून, आणि निदान करणाऱ्या बाई म्हणाल्या ट्रेनिंग तुमचं करायचं. इतका राग आला! सगळं मीच करायचं का? पण केलं. सुरुवात शिस्तीने नाही तर खेळाने, रोज दहा मिनिटं तो सांगेल ते खेळायचं, मी सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. करून बघा किती अवघड आहे ते. दुसरं म्हणजे कौतुक, पण 'शहाणा' असं मोघम नाही, 'बहिणीने पेन घेतलं तरी तू हात उचलला नाहीस' असं नेमकं, आणि लगेच.

मारायच्या वेळेचं वेगळं ठरवलंय. बहिणीला माहितीये की आईने ठरलेला शब्द उच्चारला की आपल्या खोलीत जाऊन कडी लावायची. मी लांब उभी राहते, दाराची वाट अडवत नाही, वाद घालत नाही. बोलणं नंतर, तो पूर्ण शांत झाल्यावर. मोडलेलं त्याने जोडायचं किंवा त्याच्या पॉकेटमनीतून जातं, त्यावर भाषण नाही. आधीपेक्षा कमी झालंय. बंद झालेलं नाही.

आजी

मी थोडक्यात लिहिते. आमच्या वेळी पाठीत धपाटा हाच उपाय होता आणि मुलं सुधारली असं आम्ही म्हणतो, पण माझा मुलगा आजही माझ्यापासून गोष्टी लपवतो. नातवाच्या बाबतीत सुनेने 'नाही' म्हटलं की माझंही 'नाही', पटलं नाही तर तो झोपल्यावर बोलतो आम्ही.

पहिल्यांदा विचारणारी मीच

सगळ्यांचे आभार. एक शंका आहे, टाइम-आउट कोणी केलंय का? म्हणजे कोपऱ्यात बसवणं?

शिक्षिका

लहानांसाठी करतात, साधारण वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला चार मिनिटं. अर्धा तास कोंडून ठेवणं म्हणजे टाइम-आउट नाही. आणि मजेच्या ठिकाणाहून बाजूला काढलं तरच अर्थ आहे. गणित नको म्हणून दंगा करणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं तेच दिलं आपण.

बाबा, मुलगा ८

आमच्यासारख्यांनी करू नये, त्याला कोपरा आवडतो :)