अनुभव धागा: काउंटरवर अडवलं, दार वाजलं तेव्हा...

मृणाल_एडिसन
काल आईची बॅग भरताना तिचं ग्रीनकार्ड हातात आलं आणि २०२५चा मार्च आठवला. आईबाबा पाच महिने पुण्यात राहून परतत होते. अमेरिकेच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी वेगळ्या खोलीत बसवलं. "तुम्ही इथे राहतच नाही" म्हणत आय-४०७ पुढे केला. म्हणजे ग्रीनकार्ड स्वखुशीने सोडल्याचा फॉर्म! बाबांची हयात बँकेत गेली, न वाचता सही करणं त्यांच्या रक्तातच नाही. चष्मा सामानात, सामान पट्ट्यावर. "चष्मा आल्याशिवाय सही नाही", चार तास हेच. शेवटी सोडलं. वकीलबाईंनी नंतर सांगितलं, ती सही ऐच्छिक असते. नकार दिला तर इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. कार्ड काढून घेतलं तरी त्यांना कायम रहिवासाचा दुसरा पुरावा द्यावा लागतो. तुमचेही अनुभव लिहा, कोणाच्या तरी आईबाबांना उपयोगी पडतील.

फोडणी
बाबांना साष्टांग नमस्कार _/\_ आमच्या सासूबाई पुढच्या आठवड्यात येतायत, चष्मा गळ्यातच अडकवायला सांगते.

निशांत_ह्यूस्टन
एप्रिल २०२५, सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीतलं माझं रेकॉर्ड बंद झाल्याची मेल. कारण तीन वर्षांपूर्वीचं ट्रॅफिकचं प्रकरण, तेही कोर्टाने काढून टाकलेलं. रूममेट म्हणाला गुपचूप तिकीट काढ. मी कॉलेजच्या मोफत कायदा मदत केंद्रात गेलो. देशभर मुलांनी खटले टाकले होते, २५ एप्रिलला सरकारनेच कोर्टात सांगितलं की रेकॉर्ड पुन्हा चालू करतोय. घरी अजून बोललो नाहीये, आईचं बीपी.

मृणाल_एडिसन
निशांत, सांग रे आईला. आता तर सगळं नीट झालंय ना.

सुलभा_काकू
भाजी गॅसवर आहे, पटकन लिहिते. शेजारीण ग्वाटेमालाची, माझ्या नातवाला सांभाळते. लायब्ररीतून लाल कार्ड आणून दिलं होतं तिला, त्यावर आपले हक्क छापलेले असतात. सकाळी सहाला इमिग्रेशनवाल्यांनी दार ठोकलं. तिने उघडलं नाही, कागद खिडकीला लावा म्हणाली. आय-२०० होता, म्हणजे खात्याचं अटकेचं वॉरंट, सही न्यायाधीशाची नाही, खात्यातल्याच अधिकाऱ्याची. गेले निघून. पोरी थरथरत होत्या हो, मऊभात करून भरवला. तेव्हापासून त्यांना शाळेत आम्ही चार घरं आळीपाळीने सोडतो.

विदर्भवीर
आपण कायदेशीर आलो, आपल्याला काय भ्याचं? ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी भ्यावं.

अनघा_शिकागो
दादा, मृणालचे आईबाबा कायदेशीरच होते ना? आणि ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला अमेरिकेने परत पाठवलेल्यांचं जे विमान उतरलं त्यातल्या १०४ जणांत तिघं आपल्या महाराष्ट्रातले होते, हातापायांत बेड्या. चुकले असतील, पण कोणाची तरी लेकरंच ती. गप्प राहण्याचा हक्क कागद नसलेल्यालाही आहे. फक्त खोटं बोलायचं नाही, खोटे कागद दाखवायचे नाहीत.

मी शनिवारी एका मदत गटात दुभाष्याचं काम करते. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, खर्च आपला. एक बाई आली होती, पकडून नेलेला नवरा कुठे ठेवलाय ठाऊक नाही. ऑनलाइन शोधायला ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर) आणि जन्मदेश लागतो, नाहीतर नाव आणि जन्मदेश, पण नावाचं स्पेलिंग तंतोतंत जुळावं लागतं. आणि ए-नंबरचा कागद नवऱ्याच्याच पाकिटात! दोन दिवस गेले. तो नंबर घरात लिहून ठेवा. आणि नागरिक नसलेल्या, अठरा पूर्ण झालेल्यांनी ग्रीनकार्ड किंवा आय-९४ (देशात आल्याची नोंद) जवळ बाळगायचं, तसा कायदाच आहे.

विदर्भवीर
ताई, तसं नव्हतं म्हणायचं. शनिवारी गाडीची सोय लागली तर सांगा, मी मोकळा असतो.

अनघा_शिकागो
लागतेच! व्यक्तिगत निरोप करते.

फोडणी
सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्यांनी काय म्हणायचं?

मृणाल_एडिसन
आईला मी मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून दिलंय: "आय विल नॉट साइन. आय वॉन्ट अ हिअरिंग बिफोर अ जज. मराठी इंटरप्रिटर प्लीज." रोज देवपूजेनंतर म्हणते ती.

सुलभा_काकू
माझ्या जावेलाही पाठवते हे. मृणाल, आई येताना कुळीथाचं पीठ आणतायत का गं? इथे मिळतच नाही.