मदत हवी आहे : रीनेमच्या मॅन पेजमधली उणीव भरायची आहे

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात वीज गेली आणि आमच्या सर्व्हरवरची सेटिंगची फाइल शून्य बाइटची झाली. प्रोग्राम तात्पुरती फाइल लिहून, रीनेम या सिस्टिम कॉलने तिला जुन्या फाइलचं नाव देत होता. लिनक्सच्या मॅन पेजेसमधलं (आज्ञा आणि कॉल समजावणारी माहितीची पानं), सिस्टिम कॉलच्या विभाग २ मधलं रीनेमचं पान मी दोनदा वाचलं होतं. जुन्या फाइलच्या जागी नवी एका झटक्यात येते, एवढं तिथे स्पष्ट आहे. पण मजकूर डिस्कवर पोचल्याची हमी हवी तर आधी एफसिंक (मजकूर डिस्कवर लिहायला लावणारा कॉल) करा, हे तिथे नाही. डिरेक्टरीवरही वेगळं एफसिंक लागतं, ते एफसिंकच्या पानावर सापडलं. रीनेम वापरणारा तिकडे कशाला जाईल?

लिनक्स मॅन-पेजेस प्रकल्पाला दोन ओळींचा पॅच (सुचवलेला बदल) पाठवायचा आहे. तिथे पॅच ईमेलनेच जातात, आणि मी हे कधी केलेलं नाही. कुणी केलं असेल तर सांगा : ही सूचना 'नोट्स'मध्ये शोभेल की मुख्य वर्णनात? आणि एक्सटी४, एक्सएफएस या फाइलसिस्टिमचं वागणं वेगळं असताना वाक्य कसं लिहावं, म्हणजे ते सगळीकडे खरं ठरेल? ट्रॉफचे (मॅन पेज ज्यात लिहितात त्या मांडणीच्या भाषेचे) मॅक्रो तपासून देणारं कुणी भेटलं तर फारच बरं होईल. मसुदा तयार आहे, लगेच पाठवतो.