अनुभव धागा: बागेतली परीघरं

वस्तीतल्या बागेत झाडाच्या बुंध्याशी परीचं इवलंसं घर ठेवायचं आणि ते पोरांना आपसूक सापडू द्यायचं, हा उद्योग करणाऱ्यांनी इथे लिहा. फोटो-कौतुक पुरे झालं. मापं, सामान आणि काय बिघडतं, तेवढं सांगा. नागपूरच्या उन्हापावसात टिकेल असंच. नावाऐवजी आपली वस्ती लिहा.

महाल
सगळ्यात टिकाऊ म्हणजे पालथी कुंडी. चार-पाच इंची, मातीची. दार मात्र कुंभाराकडून कच्च्या कुंडीतच कापून घ्या, दोन इंच उंच, दीड इंच रुंद; मग भाजायची. भाजलेली कुंडी घरी कापायला गेलात तर हमखास तडकते. तळाचं भोक आपोआप धुराडं होतं. त्यावर कवेलूचा (कौलाचा) तुकडा तिरपा टेकवा, पाणी आत जात नाही. दाराला आईस्क्रीमच्या चार काड्या शेजारी-शेजारी, मागून दोन आडव्या. गोंद पाण्यात न सुटणारा घ्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. बिजागरी जाड सुती पट्टीची करा. तार गंजते आणि बोटाला टोचते.

प्रतापनगर
ग्लू गन विसरा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की उन्हातला पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो, गोंद मऊ पडतो आणि छप्पर घसरतं. प्लास्टर ऑफ पॅरिस पहिल्याच पावसात भुगा. पोस्टर कलर वाहून जातो. बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करून दोन हात द्या.

धरमपेठ
जागेबद्दल. तीन-चार वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असते, म्हणून घर मोठ्यांना चटकन दिसलं नाही तरी चालतं, उलट बरंच. पायवाटेपासून दोन हात आत, पण पाळण्याच्या झोक्यात येणार नाही असं.

खिळा अजिबात नको. १९७५ च्या राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणं हेही ‘झाड तोडणं’ यातच धरलंय. दार नुसतं टेकवा किंवा सुतळीने सैल बांधा.

आणि ढोलीत कधीच ठेवू नका. पोरं एकदा ढोलीत हात घालायला शिकली की साप आहे की गांधीलमाशी, हे बघत बसत नाहीत. पालथ्या कुंडीखाली विंचूही बसतो. म्हणून दारासमोरच्या भिंतीत तेवढीच खिडकी हवी, म्हणजे हात घालण्याआधी आरपार दिसतं. खाली फरशीचा सपाट तुकडा टाका, ओल कमी राहते.

मानेवाडा
महालवाल्यांना जोडून: अंगणात पणतीचं ‘तळं’ ठेवायचा मोह होतो, टाळा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. ठेवायचंच असेल तर पणतीला भोक पाडून वाळू भरा. साखर, बिस्किट, तांदूळ काही नको, मुंगळे येतात. मणी, काच, बटण सेलचे दिवे तर नकोच. लहान मुलाने सेल गिळला तर अन्ननलिका भाजते.

सदर
नुसत्या काड्यांचं घर करणाऱ्यांसाठी: पऱ्हाटी-तुराटी (कापसाच्या नि तुरीच्या वाळक्या काड्या) हलकी आणि फुकट, पण मातीला टेकली की वाळवी लागतेच. एक हंगाम टिकलं तरी वसूल, कुजून मातीतच जातं. अमेरिकेतल्या मॉन्हेगन बेटावर जंगलात अशी घरं बांधायची रीत आहे. तिथला दंडक इथेही पाळा: पडलेलंच वापरायचं, जिवंत शेवाळ-फांदी ओरबाडायची नाही.

मानेवाडा
एक राहिलंच. बागेच्या माळ्याला आधी दाखवा, नाहीतर पानगळीत खराट्याबरोबर घर कचऱ्यात जातं आणि त्यांचा काही दोष नसतो. घर पाल्यात बुडू नये म्हणून बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या ऐन खाली न ठेवता थोडं बाजूला. जूनच्या पहिल्या आठवड्यात लाकडी दारं काढून घ्या, कुंड्या राहू द्या. दारं परत बसवायची ती दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरला की.

धरमपेठ
एका बागेत तीनच, आणि एकमेकांच्या नजरेआड.